विश्रांतीची व्याख्या : वैमानिकांच्या कर्तव्यकाळ-नियमांची चिकित्सा

प्रास्ताविक

नियमाचा मसुदा हाही एक मजकूरच असतो. त्याला स्वतःची परिभाषा असते. त्यात काही गोष्टी मोजूनमापून मांडलेल्या असतात, तर काही जाणूनबुजून वा नकळत मोकळ्या सोडलेल्या असतात. तथापि नियमांचे वाचन आपल्याकडे बहुधा न्यायालयांवर सोपविले जाते आणि वृत्तपत्रे त्यांच्या परिणामांपुरतीच दखल घेतात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात याचा प्रत्यय आला. इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे एकामागून एक रद्द होऊ लागली. ५ डिसेंबर रोजी एका दिवसात रद्द झालेल्या उड्डाणांची संख्या हजाराच्या पुढे गेली. विमानतळांवरील सामानाचे ढीग आणि जमिनीवर बसलेले प्रवासी यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. कारण म्हणून पुढे आला तो वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचा नवा नियम. जणू विश्रांती हीच आपत्ती होती.

प्रस्तुत लेखात या नियमाचे, म्हणजे 'फ्लाइट ड्यूटी टाइम लिमिटेशन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उड्डाण-कर्तव्यकाळ मर्यादेचे, चिकित्सक वाचन करावयाचे आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, या नियमात काम मोजले जाते आणि विश्रांती ही बाकी म्हणून उरते. ही बाकी प्रत्यक्षात किती उरावी हे ज्या गोष्टींवर ठरते, म्हणजे विमाने किती, उड्डाणे किती आणि वैमानिक किती, त्या गोष्टी मात्र नियमाच्या कक्षेबाहेर राहतात.

मर्यादेचा उगम

वैमानिकाने किती तास उडावे याला संख्येची मर्यादा घालण्याचा एक महत्त्वाचा निर्णय अमेरिकेत १९३४ मध्ये झाला. तेथील राष्ट्रीय श्रम मंडळाने आपल्या ८३ क्रमांकाच्या निर्णयाने वैमानिकांसाठी महिन्याला ८५ उड्डाणतासांची कमाल मर्यादा ठरविली. हा निर्णय देणारे मंडळ वैद्यकीय नव्हते, श्रमविषयक होते, आणि त्यामागे वेतनाचा झगडा होता. पुढे जगभर रूढ झालेली वर्षाला सुमारे एक हजार तासांची मर्यादा याच कुळातील आहे. झोपेचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. म्हणून जे मोजता येत होते ते मोजले गेले. त्यात गैर काही नाही. पण पुढील काळात शास्त्र प्रगत झाले तरी नियमाने मोजण्याचे मूळ माप सोडले नाही, फक्त त्याला जोडपत्रे जोडली.

शास्त्राने काय दाखविले? ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात असे मांडले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी खालावते. चोवीस तासांच्या जागरणानंतर ती घसरण सुमारे ०.१० टक्क्यांच्या तोडीची होते. या प्रयोगात एकक आहे जागरणाचे, कामाचे नव्हे. जो वैमानिक सकाळी सहाला उठला, दिवसभर घरची कामे उरकून रात्री दहाला विमानतळावर हजर झाला, त्याचे कर्तव्य दहाला सुरू होते. त्याचा मेंदू मात्र सोळा तास आधीच कामाला लागलेला असतो. नियमाच्या वहीत हे सोळा तास विश्रांतीच्या खात्यावर जमा असतात.

येथे दुसरा घटक येतो तो जैविक घड्याळाचा. रात्री २ ते सकाळी ६ या काळात शरीराचे तापमान आणि सावधपणा तळाला गेलेले असतात. या काळातील एक तास आणि दुपारचा एक तास घड्याळात सारखे, देहात वेगळे. भारतातील आधीच्या नियमात रात्रीची व्याख्या मध्यरात्री बारापासून पहाटे पाचपर्यंत होती. म्हणजे देहाची रात्र संपण्याच्या तासभर आधीच नियमाची रात्र संपत असे. जानेवारी २०२४ च्या सुधारणेत ती सहापर्यंत वाढविण्यात आली. एका तासाची ही दुरुस्ती किरकोळ वाटेल. पण पहाटे पाच ते सहा हा रात्रभर उडून परतलेली विमाने उतरण्याचाही तास असतो.

मंगळूरचा अहवाल

या संदर्भात २२ मे २०१० च्या मंगळूर अपघाताचा अहवाल पुन्हा वाचण्याजोगा आहे. एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान सकाळी सहाच्या सुमारास टेबलासारख्या पठारावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने अपघाताचे थेट कारण मुख्य वैमानिकाच्या निर्णयात शोधले: विमान योग्य उंचीवर व वेगात आलेले नसताना त्याने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही. सहवैमानिकाने तीनदा पुन्हा वर जाण्यास सुचविले होते, यंत्रणाही इशारे देत होती.

पण कारणमीमांसा येथे थांबत नाही. कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरमध्ये मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज होता. दोन तासांच्या ध्वनिमुद्रणापैकी दीड तासाहून अधिक काळ तो झोपेत होता. अहवालातील निष्कर्षाचा आशय असा : उड्डाणापूर्वी पुरेसा विश्रांतिकाळ उपलब्ध असूनही मुख्य वैमानिक दीर्घकाळ झोपला, त्यामुळे जाग आल्यानंतर झोपेची जडता राहिली असावी, उठणे आणि उतरणे यांत थोडाच अवधी असल्याने निर्णयशक्ती मंदावली असावी, आणि जैविक घड्याळाच्या तळाशी असलेल्या वेळेने त्यात भर घातली असावी.

'पुरेसा विश्रांतिकाळ उपलब्ध असूनही' हे शब्द या सर्व विषयाची किल्ली आहेत. चौकशी न्यायालयाला कागदावर दोष आढळला नाही. विश्रांती उपलब्ध होती, हे खरे. परंतु उपलब्ध विश्रांती आणि घडलेली झोप यांतील अंतर मोजण्याचे साधन नियमाकडे नव्हते. 'असूनही' या शब्दयोगाने ते सर्व अंतर वैमानिकाच्या खात्यावर टाकले. वैमानिकाला दोषमुक्त करावे असा याचा अर्थ नव्हे; सहवैमानिकाचे तीनदा न ऐकणे ही स्वतंत्र आणि गंभीर बाब आहे. पण रात्रीतून दुबईला जाऊन लगेच परत यावयाचे आणि पहाटे डोंगरावरच्या धावपट्टीवर उतरावयाचे, या आखणीकडे बोट दाखविण्यासाठी 'असूनही' या शब्दात जागा नाही. अहवालाने जैविक घड्याळाची नोंद घेतली हे त्याचे श्रेय. त्या काळाचा विचार करता ते लहान नाही.

उरलेल्या वेळेची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील दोन प्रकरणे हाच प्रश्न वेगळ्या कोनातून दाखवितात. फेब्रुवारी २००९ मध्ये कोलगन एअरचे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले; विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक असे ५० जण दगावले. सहवैमानिक महिला सिएटलजवळ राहत असे आणि तिचे कामाचे ठाणे होते न्यूअर्क. आदल्या रात्री ती दुसऱ्या विमानांतून देशाची एक बाजू ओलांडून दुसऱ्या बाजूला कामावर आली होती. मुख्य वैमानिकाने रात्र कर्मचाऱ्यांच्या विश्रामकक्षात काढली होती. चौकशीत तिचे तुटपुंजे वेतन आणि न्यूअर्क परिसरातील घरभाडे यांचीही चर्चा झाली. नियमाच्या दृष्टीने मात्र हा सारा रात्रीचा प्रवास 'कर्तव्यमुक्त काळ' होता.

याच अपघातातील मृतांच्या कुटुंबीयांच्या चिकाटीमुळे २०१० चा कायदा झाला आणि जानेवारी २०१४ पासून नवे नियम अमलात आले. दहा तासांची विश्रांती, तीत सलग आठ तास झोपेची संधी, आणि कर्तव्य कोणत्या वेळी सुरू होते त्यानुसार बदलणारी मर्यादा, अशी त्यांची रचना आहे. 'झोपेची संधी' हा शब्दप्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. येथे प्रथमच विश्रांतीची व्याख्या केवळ कामाच्या अभावाने न करता तिच्या प्रयोजनाने केली गेली.

परंतु त्याच नियमातून मालवाहू विमानांचे वैमानिक वगळण्यात आले. कारण दिले गेले ते खर्च आणि लाभ यांच्या ताळेबंदाचे : मालवाहू विमानात जीव थोडे, म्हणून टळलेल्या मृत्यूंची किंमतही थोडी, आणि ती कंपन्यांच्या खर्चाला पुरी पडत नाही. नियम लागू होण्याआधी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी, यूपीएसचे मालवाहू विमान पहाटेच्या अंधारात अलाबामातील बर्मिंगहॅम येथे धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि दोन्ही वैमानिक ठार झाले. ध्वनिमुद्रणात उड्डाणापूर्वी ते दोघे याच विषयावर बोलताना आढळले : प्रवासी विमानाच्या वैमानिकांना एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे कसे? नवा नियम त्यांना लागू असता तर अपघात टळलाच असता असे म्हणता येणार नाही. तरीही चौकशी मंडळाने सहवैमानिकेच्या थकव्याचे एक कारण म्हणून तिने सुटीचा वेळ नीट वापरला नाही असे नोंदविले, ते लक्षात घ्यावे. मंगळूरचा 'असूनही' येथे दुसऱ्या भाषेत भेटतो.

याला अपवाद जुना आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये ग्वांतानामो बे येथे एक मालवाहू डीसी-८ उतरताना कोसळले. तिघेही वैमानिक वाचले आणि आपण किती काळ जागे होतो हे सांगू शकले. त्या अहवालात अमेरिकी मंडळाने प्रथमच थकवा हे अपघाताचे संभाव्य कारण म्हणून नोंदविले आणि अपुऱ्या नियमांनाही जबाबदार धरले. वाचलेला साक्षीदार नियमावर बोट ठेवू शकतो. मेलेल्याच्या वतीने फक्त त्याचे रोस्टर बोलते, आणि रोस्टर बहुधा नियमात बसणारे असते.

स्थगितीची परंपरा

आता भारताकडे वळू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २७ जुलै २००७ रोजी, १९९२ च्या जुन्या परिपत्रकाची जागा घेणारी नवी नियमावली काढली. मे २००८ मध्ये ती स्थगित करण्यात आली आणि १९९२ चे परिपत्रक पुन्हा जिवंत झाले. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तेथे यश न आल्याने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ मे २०११ रोजी तेथेही त्यांचे अपील फेटाळले गेले. ऑगस्ट २०११ मध्ये नवी नियमावली आली. मधल्या काळात मंगळूरचा अपघात घडला. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडणे गैर ठरेल. परंतु २०१० साली देशातील वैमानिक अठरा वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाखाली उडत होते, आणि त्यापुढचा मसुदा तयार असून कपाटात होता, एवढे तरी नोंदविलेच पाहिजे.

दुसरा अंक ८ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली. रात्रीच्या काळात शिरणाऱ्या कर्तव्यासाठी उड्डाणकाळ ८ तास व कर्तव्यकाळ १० तास अशी मर्यादा घालण्यात आली आणि रात्री उतरण्याची कमाल संख्या सहावरून दोनवर आणली गेली. कंपन्यांनी थकव्याच्या तक्रारींचा व त्यांवरील कार्यवाहीचा तिमाही अहवाल द्यावा असेही ठरले. १ जून २०२४ ही मुदत होती. कंपन्यांच्या विनंतीवरून ती टळली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर दोन टप्पे ठरले : १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे पहिल्या घोषणेपासून शेवटच्या टप्प्यापर्यंत जवळजवळ बावीस महिने कंपन्यांच्या हाती होते.

डिसेंबरमध्ये काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यावरील प्रतिक्रिया मात्र नीट वाचावी लागेल. ५ डिसेंबर रोजी महासंचालनालयाने, साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये ही सूचना मागे घेतली. इंडिगोला तिच्या ए-३२० विमानांसाठी रात्रीच्या कर्तव्याविषयीच्या तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत देण्यात आली. तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाल्यानंतर नियम वाकला तो नेमका ज्या ठिकाणी शरीर सर्वांत दुबळे असते त्या ठिकाणी, म्हणजे रात्री. प्रवाशांचे हाल खरे होते आणि त्या दिवशी निर्णय घेणाऱ्यापुढे दुसरा मार्ग थोडाच होता, हे मान्य करावे लागेल. विमानतळावर अडकलेल्या वृद्धांना व रुग्णांना नियमाची तात्त्विक शुद्धता काय कामाची? पण २००८ आणि २०२५ या दोन्ही वेळी तुटवड्याची भरपाई एकाच खात्यातून झाली. वैमानिक कमी पडले की वैमानिकाची झोप कमी करावयाची.

जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने कंपनीला २२.२० कोटी रुपयांचा दंड केला. चौकशीतून निघालेला निष्कर्ष असा की, वैमानिक, विमाने आणि मार्गजाळे यांचा जास्तीत जास्त वापर करण्यावर भर दिल्यामुळे रोस्टरमध्ये राखीव अवकाशच उरला नव्हता आणि नव्या नियमांची तयारी अपुरी होती. हे निदान अचूक आहे. मात्र ते निदान करणाऱ्या कार्यालयाच्या स्वतःच्या भूमिकेविषयी प्रश्न उरतो. हंगामी वेळापत्रकाला मंजुरी देते महासंचालनालयच. कर्तव्यकाळाचे नियम करते तेही महासंचालनालयच. हिवाळी वेळापत्रक मंजूर करताना, १ नोव्हेंबरनंतरच्या नियमानुसार एवढी उड्डाणे चालविण्यास किती वैमानिक लागतील आणि कंपनीकडे किती आहेत, ही वजाबाकी का झाली नाही? संकटानंतर कंपनीच्या उड्डाणांत सुमारे १० टक्के कपात करण्यात आली. याचा अर्थ उड्डाणांची संख्या आणि वैमानिकांची विश्रांती यांचा संबंध जोडण्याचा अधिकार व साधन दोन्ही उपलब्ध होते; ते वापरले गेले ते गोंधळानंतर.

मधल्या तासाचा प्रश्न

नियमाच्या मसुद्याकडे पुन्हा येऊ. २०११ च्या नियमावलीत किमान विश्रांती आधीच्या कर्तव्यकाळाइतकी किंवा १२ तास, यांपैकी जी जास्त असेल ती, अशी ठरविली आहे. अनेक कालविभाग ओलांडल्यास ती वाढते. त्याच मसुद्यात एक वाक्य आहे की, विमानतळावर येण्याजाण्याचा काळ कर्तव्यातही धरावयाचा नाही आणि विश्रांतीतही धरावयाचा नाही. किमान विश्रांती त्यामुळे घटणार नाही याची काळजी कंपनीने घ्यावी. हा मसुदा लिहिणाऱ्याला वास्तवाची जाण होती, असे हे वाक्य वाचताना वाटते. सांताक्रूझच्या विमानतळावरून पावसाळ्यात ठाण्याला वा पनवेलला पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे मुंबईकराला सांगावयास नको. कोलगन प्रकरणात जो काळ नियमाला दिसलाच नाही, तो येथे निदान दिसला आहे.

तरीही हा काळ कोणाच्याच मालकीचा नाही. तो किती धरावा हे ठरविण्याचे काम ज्याला तो कमी धरण्यात लाभ आहे त्याच्याकडेच सोपविले आहे. स्टँडबायचीही गत काहीशी अशीच आहे : फोन वाजला नाही तर तो दिवस कामाविना गेला असे वाटते, पण फोन वाजेल म्हणून जो जागा राहिला त्याची झोप झालेली नसते. परीक्षाकाळात राखीव पर्यवेक्षक म्हणून घरी 'मोकळे' बसलेल्या प्राध्यापकांना हा अनुभव थोडाफार परिचित असेल. फरक एवढाच की आपल्या डुलकीने कोणी दरीत कोसळत नाही.

यावर तोडगा म्हणून तासांच्या मर्यादेऐवजी थकव्याच्या जोखमीचे व्यवस्थापन सुचविले जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०११ पासून तशी मानके स्वीकारली आहेत. कल्पना शास्त्रशुद्ध आहे : प्रत्यक्ष झोपेची आकडेवारी, थकव्याचे अहवाल आणि रोस्टरचे विश्लेषण यांवरून मर्यादा ठरवावी. परंतु ही व्यवस्था वैमानिकाने निर्भयपणे 'मी थकलो आहे' असे लिहून देण्यावर उभी आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये महासंचालनालयाने मुख्य वैमानिकासाठी एक वर्षाचा आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांचा राजीनामापूर्व सूचनाकाळ ठरविला, तो कंपन्यांची उड्डाणे विस्कळित होऊ नयेत म्हणून. नोकरी सोडण्यासाठी ज्याला वर्षभर थांबावे लागते, तो थकव्याचा अर्ज करताना पुढील वर्षभराचे रोस्टर कोणाच्या हाती आहे याचा विचार करणारच. वैमानिक कंपनीतून बाहेर पडू नये यासाठीचा नियम आणि तो कामातून वेळेवर बाहेर पडावा यासाठीचा नियम एकाच कार्यालयातून निघाले. त्यांपैकी पहिला उड्डाणे अखंड चालावीत म्हणून केला गेला, आणि दुसरा त्याच कारणासाठी दोनदा थांबविण्यात आला.

म्हणून तासांची मर्यादा मोडीत काढून केवळ जोखीम-व्यवस्थापनावर विसंबणे आज तरी धोक्याचे आहे. तासांचे माप ओबडधोबड आहे, पण ते बाहेरच्या माणसाला तपासता येते. त्याला जोड हवी ती वेळापत्रकाच्या मंजुरीची. कंपनीने उन्हाळी वा हिवाळी वेळापत्रक सादर करताना, विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी आपल्याकडील पात्र वैमानिकांची संख्या, रजा व आजारपणासाठी धरलेला राखीव हिस्सा आणि रात्रीच्या कर्तव्यांची एकूण संख्या जोडावी. आणि ती पुरेशी नसल्यास तेवढी उड्डाणे तिकिटे विकली जाण्याआधीच वेळापत्रकातून वगळावीत. जी कपात डिसेंबरमध्ये रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांच्या डोळ्यांदेखत झाली, ती ऑक्टोबरमध्ये कागदावर होऊ शकली असती.